मिश्र दुहेरी

सोफेवाल्याच्या बायकोचा कॅन्सर मुळापासून जाणार नव्हता. पण गेली सहा वर्षं रोजच्या गोळ्यांनी त्याला वेसण घातली होती. "मधुमेहासारखं धरा, सांभाळत जगायचं," असं डॉक्टर म्हणाले, ते तिने मनावर घेतलं. सोफेवाला मात्र तिला तळहातावरच्या फोडासारखं जपू लागला. साधी पिशवी उचलू देईना.

आणि याच बाईने क्लबच्या बॅडमिंटन स्पर्धेत दोघांची नावं देऊन टाकली!

"अगं, डॉक्टरांना विचारलंस का?"

"विचारलं. खुशाल खेळा म्हणाले. नवऱ्याला विचारायचं तेवढं राहिलं."

पहिलाच सामना बँकेतल्या एका तरुण जोडप्याशी. पहिला गेम बघता बघता गेला. सोफेवाला नुसता सैरावैरा! बायकोच्या रॅकेटसमोरचं शटलचं फूलही झेपावून मारायचा आणि मागे अर्धं कोर्ट मोकळं सोडायचा. गेम संपताच ती कडाडली, "मी काय इथे शोभेला उभी आहे? माझं फूल मला मारू दे. दमले तर सांगेन. तू तुझी बाजू सांभाळ!"

नाइलाजाने तो मागे राहिला. मग काय विचारता! गोळ्यांनी तळपाय हुळहुळे झालेले, म्हणून ती पळतच नव्हती. जाळीशी उभी राहून मनगटाच्या एका झटक्यात फूल असं टाकायची, की समोरची पोरं तोंडावर पडायची. दुसरा गेम या दोघांनी खेचला. तिसऱ्यात वीस-वीस! बाकं सोडून लोक उभे राहिले.

"दमले रे," ती हळूच म्हणाली. "आता उंच येईल ते सगळं तुझं."

"मारलं म्हणून समज!"

पुढचं फूल उंच आलं. त्याने जीव खाऊन हाणलं, एकवीस! मग पोरांनी फूल जाळीशी, तिच्यापुढे टाकलं. तो जागचा हलला नाही, ओठ मात्र चावत राहिला. तिने हलकेच फूल पलीकडे सोडलं आणि ते टपकन जमिनीवर पडलं. जिंकले! सोफेवाला लहान पोरासारखा नाचला.

संध्याकाळी दुसऱ्या सामन्यात सपाटून मार खाल्ला, त्याचं दोघांना काही वाटलं नाही.

सोमवारी तपासणी होती. गाठी होत्या तेवढ्याच होत्या. डॉक्टर ते सांगायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "थांबा हो, आधी वीस-वीसपासून ऐका!" आणि सोफेवाला फूल कुठून कसं आलं ते हातवारे करून दाखवू लागला.