बाल्बिनाची फुंकर

गॅलिशियातल्या त्या गावातले निम्मे पुरुष अमेरिकेत कोळसा खणायला गेले होते. बाल्बिनाचा नवरा वालेन्ती गेला त्याला नऊ वर्षं झाली, पत्रं बंद होऊन चार. गावाला काय, चघळायला विषय मिळाला!

नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसताना बाकावर फुंकर मारायची रीत. त्या रात्री घरी येणाऱ्या मेल्या माणसाच्या अंगावर चुकून बसू नये म्हणून. वालेन्तीच्या जागेवर मात्र बाल्बिना कधी फुंकर मारत नसे. मारली, म्हणजे तो गेला हे कबूलच केलं की!

"अगं, तिकडे दुसरीच्या हातचं बिटाचं सार ओरपत असेल तो," जेवायला आलेली शेजारीण कुनेगुंडा म्हणाली. "मार फुंकर नि हो मोकळी. गिरणीवाला अजून थांबलाय हो तुझ्यासाठी!"

बाल्बिना चिडली. "ही बघ, मारली!"

बाकावरून काळी भुकटी उडाली आणि मेजावरच्या पांढऱ्या चादरीवर बसली. बाक तिनं सकाळीच घासला होता, आणि त्या घरात जन्मभर लाकडंच जळली होती.

कुनेगुंडानं भुकटी बोटावर चोळून पाहिली. "कोळसा गं..." ती पुटपुटली.

बाल्बिनानं वालेन्तीच्या जागेपुढे मांडलेल्या रिकाम्या ताटात सार वाढलं.

"सरक जरा," ती कुनेगुंडाला हळूच म्हणाली. "त्यांना ऐसपैस बसायची सवय आहे."