सरदाराचं खातं

पहिलीपासून त्याच्या वतीने मीच बोलत आलो. तो अडखळायचा. शब्द घशात अडकला की त्याची मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस एकतर हसायचा नाहीतर आपल्या कामाला लागायचा. शाळेत हजेरीच्या वेळी त्याचं 'हजर' मी म्हणायचो. एसटीत तिकीट काढायचं झालं की तो माझ्याकडे बघायचा आणि मी कंडक्टरला गावाचं नाव सांगायचो. त्याची आई मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची. ती माझ्यासाठी चार बांगडे बाजूला काढून ठेवायची आणि म्हणायची, "झिला, तू आसस म्हणान ह्येका तोंड आसा." हे ऐकायला मला फार आवडायचं. दया वगैरे काही नव्हती. फुकटच्या मोठेपणाची चटक लागली होती मला, दुसरं काही नाही.

आम्ही एकोणीस-वीस वर्षांचे होतो तेव्हा बाजारात सायबर कॅफे निघाला. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. प्लायवूडचे खण, खणाखणात एकेक कॉम्प्युटर, आणि दिवसातून दोनदा जाणारी वीज. तो सकाळी आईच्या मासळीच्या पाट्या वाहायचा आणि दुपारी तिथे येऊन बसायचा. त्याला एक खेळ सापडला होता. त्यात आपलं एक गाव असायचं, ते वाढवायचं, सैन्य उभं करायचं, शेजाऱ्यांशी तह करायचे. सगळा कारभार पत्रं लिहून. तोंडाने एक शब्द बोलावा लागत नसे.

दोन वर्षांत तो चाळीस जणांच्या टोळीचा सरदार झाला. पुण्याचे, नाशिकचे, नागपूरचे पोरगे. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून तो हुकूम सोडायचा आणि चाळीस जण हलायचे. कुणाची परीक्षा असली तर त्याचं गाव हा सांभाळायचा, कुणी रुसला तर समजूत काढायचा. मी त्याच्या मागे उभा राहून वाचायचो. हा इतकं छान बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

खातं राखायचं कसं, हे मात्र त्याला मी शिकवलं होतं. तसा मी शहाणा. "पासवर्ड आवशीकसुद्धा सांगू नको," असं बजावलं होतं. पासवर्ड विसरला तर विचारायचा एक गुप्त प्रश्न निवडावा लागे. आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, जिवलग मित्राचं नाव, अशी यादी होती. मी म्हटलं, तुझ्या आईचं माहेर अख्ख्या मासळी बाजाराला ठाऊक आहे, शाळा तर गावात एकच. आमच्याकडे कुणाच्या घरात काय शिजतंय ते चार घरं सोडून कळतं, तिथे गुप्त प्रश्न कसला विचारता? त्याने हसून मित्राचा प्रश्न निवडला आणि मी बघू नये म्हणून हाताने पडदा झाकून धरला. मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

मग मीही खेळात शिरलो, त्याच्याच टोळीत. मला वाटलं होतं, इथेही आपण त्याच्या उजव्या हाताला असू. पण हुकूम आला की मी कंटाळा करायचो. एकदा एका चढाईला माझं सैन्य गेलंच नाही आणि नागपूरच्या पोराचं गाव बुडालं. शेजारच्या खणात बसून त्याने सगळ्या टोळीला पत्र लिहिलं. माझ्या पडद्यावरही ते आलं. 'मैत्री बाहेर. इथे ज्याला शब्द पाळता येत नाही त्याला जागा नाही.' आणि मला काढून टाकलं. चाळीस जणांदेखत. प्लायवूडच्या पलीकडून त्याच्या खुर्चीचा आवाज येत होता आणि तो एका अक्षराने माझ्याशी बोलला नाही. ज्याचं 'हजर' मी म्हणत आलो, त्याने मला शब्द पाळण्याबद्दल सुनवावं! माझं डोकं फिरलं. हेवा म्हणा, अपमान म्हणा, मला ते नीट वेगळं करता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर लग्नाला वेंगुर्ल्याला गेला. मी कॅफेत बसलो, पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं. प्रश्न आला. मी स्वतःचं नाव टाइप केलं आणि खातं उघडलं. दुसरं उत्तर माझ्या मनातही आलं नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं ते असं.

पासवर्ड बदलला. मग त्याच्या नावाने टोळीला पत्र लिहिलं, ऐटीत. पाच मिनिटांत नाशिकच्या उपसरदाराचं उत्तर आलं, 'तू कोण आहेस? आमचा सरदार असं बोलत नाही.' मी अजून दोन पत्रं लिहिली, त्याच्यासारखं लिहायचा प्रयत्न केला. एकेक जण तेच विचारू लागला. पंधरा-सोळा वर्षं मी या माणसाच्या वतीने बोलत होतो आणि गावात कुणाला फरक कळला नव्हता. ज्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांना चार ओळींत कळला. मग मी त्याचं सगळं सैन्य त्याच्याच टोळीतल्या गावांवर सोडलं आणि संध्याकाळी खातं पुसून टाकलं.

तो परत आला, कॅफेत गेला आणि ताप आलेल्या माणसासारखा घरी येऊन पडला. तीन दिवस जेवला नाही. काय झालं ते आईला सांगेना. काहीतरी चोरीला गेलंय, एवढंच तिला कळलं. आमच्याकडे चोरी झाली की पोलिसांच्या आधी देवाला सांगतात. तिने पोराला उठवलं आणि देवळात गाऱ्हाणं घालायला नेलं. वाटेत मलाही हाक मारली.

गावकर म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने बोलणारा मानकरी. त्याने विचारलं, "काय गेला गो? सोना?"

"माका काय म्हायत! तोच सांगतलो," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. मान ताठ झाली, डोळे मिटले. दहा-बारा माणसं जमली होती, त्यातली दोघं तोंडावर हात धरून हसायला लागली. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं.

आणि मी सांगितलं. "कॉम्प्युटरात तेचा राज्य होता. ता कोणीतरी चोरल्यान."

"राज्य म्हणजे? जमीन?"

"जमीन, सैन्य, चाळीस माणसां. दोन वर्सां खपलेलो तो."

आता सगळेच हसले. गावकर हसला नाही. "हसतास कित्याक? माणसां गेली म्हणजे मोठी चोरी आसा ती," म्हणाला आणि हात जोडून देवाकडे वळला. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचा राज्य ज्या कोणी चोरल्यान, तो गावातलो आसांदे नायतर भायरलो, आठ दिसांत तेका बुद्धी दे आणि वस्तू परत घरात येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो, चांगलं खणखणीत.

"आणि नाय दिल्यान तर तेची वाचा बंद कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

परत द्यायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, मग भ्यायचं कशाला? गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि कुठल्या बाजूची आधी पडते त्यावरून कौल घेतला. चोर गावाबाहेरचा निघाला. माझी तब्येत आजतागायत ठणठणीत आहे.

त्याने हाय खाल्ली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो चिवट. नवं खातं काढलं, एका झोपडीपासून सुरुवात केली आणि नाशिकच्या उपसरदाराला सगळी हकीकत लिहिली. उत्तर आलं ते त्याने मला दाखवलं. 'भाषा तुझीच वाटते. पण एकदा फसलोय, उरलेली पोरं नुसत्या लिहिण्यावर विश्वास ठेवणार नाहीत. रविवारी चार वाजता फोन कर. तोंडाने बोललास की खरं-खोटं कळेल मला, मग सगळ्यांना परत बोलावतो.' खाली नंबर होता.

'मी अडखळतो,' एवढं त्याने लिहिलं असतं तरी भागलं असतं. मी सुचवलंही नाही. ती एकच जागा होती जिथे त्याचं अडखळणं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिथे ते न्यायला तो तयार नव्हता.

त्याने कागदावर एक वाक्य लिहिलं. 'मी सरदार बोलतोय, सगळ्यांना परत बोलाव.' चार दिवस धक्क्यावर एकटा जाऊन घोकलं. रविवारी आम्ही पीसीओच्या काचेच्या खोपटात शिरलो. त्याने नंबर फिरवला. पलीकडून उचलला गेला तेव्हा मलाही ऐकू आलं, "हॅलो? कोण?"

त्याची मान ताठ झाली. डोळे मिटले. घाम कानामागून खाली गळ्यात उतरत होता. "हॅलो? बोला ना," पलीकडचा म्हणाला. त्याने डोळे उघडले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. कागदही दिला. मला फक्त वाचायचं होतं.

"सरदार? तूच आहेस का रे? आम्ही सगळे थांबलोय," पलीकडून आलं. पोरगेलासा, आनंदी आवाज होता.

मी कागद पाहिला. हे वाचलं की हा उद्यापासून पुन्हा चाळीस जणांना हुकूम सोडणार, आणि मी शेजारच्या खणात बसणार. मी म्हणालो, "राँग नंबर," आणि रिसीव्हर ठेवून दिला.

"तो काय आयकाकच तयार नाय," मी त्याला सांगितलं. "माझ्यावर तापलो. चोर म्हणालो माका. परत फोन करू नको म्हणता."

राँग नंबर त्याने ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. खोपटाला लागून उभ्या ट्रकचं इंजिन तेवढ्यात सुरू झालं होतं. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. पुरतं एक मिनिट लागलं असेल.

"माझ्यापायी तुका आयकूचा लागला," तो म्हणाला.

"आसांदे रे," मी म्हणालो.