लंडन पाहून आलेली बाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय शिताफीने टाळते — देवालाही बिचाऱ्याला वाटत असेल, बाई मोठी सरळ आहे. तुम्हाला सांगून राहिले, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे खरं बोलायची माझी छाती नाही. कधी नव्हतीच.

चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या कॉलनीत मला 'लंडनवाल्या काकू' म्हणायचे. आमचे हे पॉवर स्टेशनात होते, कंपनीचं क्वार्टर होतं. मी लंडनहून परत आले तर महिला मंडळाने माझं भाषणच ठेवलं — माईक, हार, नारळ, सगळं. समोर त्या बसलेल्या, नव्या साड्या नेसून. नागपूरच्या पुढे कधी गेल्या नाहीत, पण प्रश्न काय विचारावे? तिथे भेंडी मिळते का! मला हसू येत होतं त्यांचं. मनातल्या मनात एकेकीला मी निकालात काढून राहिले होते, अन् तोंडाने मात्र राजवाड्याचं वर्णन चालू.

लंडनला जाऊन लोक पाहतात काय, सांगू? एक घड्याळ. उंच मनोऱ्यावर लावलेलं. माना मोडेपर्यंत वर पाहतात, अन् वेळ मात्र मोबाईलमध्ये बघतात. एक पूल — मधून उघडतो म्हणे. मी उभी होते तोवर तर उघडला नाही. एक पाळणा, आपल्या जत्रेतला असतो तसाच, फक्त इतका हळू की आत बसलेल्याला झोप लागावी. मेणाचे पुतळे, म्हणजे जिवंतपणी ज्यांनी तुम्हाला दारात उभं केलं नसतं त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा. अन् सगळ्यात मोठी गंमत म्हणजे राजवाडा. बाहेर गज धरून उभं राहायचं, अन् वॉचमनची ड्युटी बदलताना पाहायची. खरंच सांगते! लाल डगला, डोक्यावर अस्वलासारखी टोपी, अन् हजारो माणसं मुंड्या वर काढून. आमच्या प्लांटच्या गेटावर तीन शिफ्टला वॉचमन बदलतो. वर्षानुवर्षं बदलतो. कोणी टाळी वाजवली?

तुम्हीही गेला असाल कुठे ना कुठे. पॅरिसच्या त्या लोखंडी मनोऱ्यापुढे — आमच्या शेतातून गेलेल्या हाय टेन्शन लाईनचा थोरला भाऊ तो, बाकी काय? — हात पसरून फोटो काढला असेल. काढा बापा. मीही काढलाच ना, त्या वॉचमनसोबत. त्याच फोटोपायी तर हे सगळं झालं.

पाहता ना, कशी फिरून राहिले मी? मुद्द्याला हात घालायचा म्हटलं की माझी जीभ पर्यटनाला निघते.

तर इंदूबाई. जवळच्याच एका तलावाकाठच्या गावातली मासेवाली. नवरा गेलेला. तलावातली मासळी टोपलीत घेऊन ती कॉलनीत यायची, माझ्या मागच्या दाराशी बसायची. मरळ असली की मी घ्यायची. पंधरा वर्षं येत होती, पण मी तिला कधी ओट्याच्या वर घेतलं नाही. वास येतो म्हणून. मासे त्याच घरात शिजायचे, बरं का — पण वास मासेवालीचा! तिचा एकुलता एक पोरगा प्रफुल भारी हुशार निघाला. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायला लंडनला गेला. पेपरात फोटो आला त्याचा. मला काय वाटलं असेल तेव्हा? खोटं कशाला बोलू, जळले मी. माझी पोरगी नवऱ्याच्या मागे लंडनला गेली होती, अन् मासेवालीचं पोरगं स्वतःच्या डोक्यावर.

त्यानंतर वर्षभरात माझ्या पोरीचं बाळंतपण आलं. तीन महिन्यांसाठी मी निघाले. जायच्या आदल्या दिवशी दुपारी इंदूबाई आली, टोपली नव्हती. हातात स्टीलचा डबा — भाजलेले सुके झिंगे, जवसाची चटणी, तांदळाचे पापड. अन् एका कागदावर पोराचा पत्ता, फोन नंबर.

"बाई, येवढं माया पोराले नेऊन देजा," ती म्हणाली. "अन् डोयानं पाहून येजा त्याले. फोनवर हासते थो, पन थे हासनं खरं नाई वाटत मले. मले फक्त येवढं सांगजा, थो बरा हाये का नाई. नसन त मी वापस बलावतो त्याले. नाई शिकला त नाई शिकला."

मी म्हटलं, अगं देते ना, त्यात काय एवढं!

ती वळली अन् मी डबा उघडला. वासाने घर भरलं. हे माझ्या नव्या बॅगेत? माझ्या पोरीच्या साड्यांच्या घडीत? क्वार्टरच्या मागे गेले अन् झिंगे मांजरींपुढे ओतले. चटणी, पापडही तिथेच. डबा घासून माळ्यावर टाकला. पाच मिनिटांचं काम. हात धुतले अन् चहा टाकला.

पण हे ते नाही. एवढंच असतं तर मी सांगितलंही असतं कोणाला, हसत हसत.

लंडनला तीन महिने मी बाळाचं न्हाऊ-माखू अन् पोरीचा डिंकाचा लाडू, यातच होते. प्रफुलला एक फोन केला नाही. काय बोलणार होते? तुझ्या आईचा डबा मांजरींनी खाल्ला? परत निघायच्या आधीच्या रविवारी जावई म्हणाले, आई, तुम्ही काहीच पाहिलं नाही, चला. दुपारी बाळापाशी परत पोहोचायचं होतं. जमिनीखालून जाते ती रेल्वे, तिच्यात बसलो. जावई भला माणूस. आल्या आल्या मी त्यांना पत्त्याचा कागद दाखवला होता, ते त्यांच्याच लक्षात होतं. म्हणाले, "त्या मुलाकडे जायचं होतं ना तुम्हाला? तो राहतो ते स्टेशन मध्येच लागतं. तिथे उतरलो तर राजवाड्यावरची ती गार्डची शिफ्ट चुकेल. दोन्ही नाही जमणार. काय करायचं?"

गाडी त्या स्टेशनात थांबली. दार उघडलं. मी स्टेशनाच्या नावाची पाटी वाचली. कागदावर होतं तेच नाव. जावई अर्धे उठले होते, माझ्याकडे पाहत. मी बसून राहिले. दार वाजलं, बंद झालं.

कॉलनीत परत जाऊन दाखवणार काय — मासेवालीच्या पोरासोबतचा फोटो? त्याच्यासाठी मी लंडनला आले का? हे असं, याच शब्दांत, मी तेव्हा मनात म्हटलं. चांगलं आठवते.

अन् मग गज धरून वॉचमन पाहिला.

मी परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंदूबाई दारात. बसली पण नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तेव्हा तरी बोलायचं ना? जमलं नाही ग बाई, राहून गेलं — एवढं एक वाक्य. ती चिडली असती, रडली असती, अन् संध्याकाळी भावाकडून पोराला फोन लावून म्हणाली असती, ये वापस. संपलं असतं.

मी म्हटलं, भेटला ना! मागच्याच रविवारी भेटला. अंगानं भरला आहे चांगला. झिंगे तर तिथल्या तिथे खायला बसला. अन् ती पाहतच होती, म्हणून मी आणखी बोलत गेले — त्यानेच मला घड्याळ दाखवलं, पुलावर नेलं, राजवाड्यापुढे फोटो त्यानेच काढला, मी सोबत ये म्हटलं तर लाजला. पाहा, खोट्याला किती कामी येतात ही प्रेक्षणीय स्थळं! त्याच्यासाठीच बांधून ठेवली असावी. घड्याळाची उंची सांगितली की माणूस बाकी सगळं खरं मानतो.

इंदूबाई मटकन खाली बसली अन् पदर तोंडाला लावून रडली. मग माझे पाय धरले. माझे पाय! म्हणाली, "माया भाऊ कवाचा म्हनून राह्यला, पोराले बलाव, पोराले बलाव. आता नाई बलावत. तुमी डोयानं पाहून आल्या, बस झालं."

पण हेही ते नाही. थांबा, आता येते.

तीन दिवसांनी ती पुन्हा आली, टोपली घेऊन. सगळ्यात मोठी मरळ काढून माझ्या ताटात ठेवली. आनंदात होती. म्हणाली, "काल प्रफुलचा फोन आला. मी म्हनलं, बाईले लंडन दाखवलं म्हने तू? थो बी म्हने, हो, दाखवलं. झिंगे चांगले होते म्हने."

मी ताट उचललं.

मी खोटं बोलले ते स्वतःची लाज झाकायला. तो काऊन खोटं बोलला? ज्या बाईने कधी तोंड दाखवलं नाही, तिने आणलेले झिंगे चांगले होते असं पोरगं आईला का सांगेल? एकच कारण असू शकते. आपण बरे आहोत असं आईला वाटावं, अन् तिने आणखी काही विचारू नये. म्हणजे तो बरा नव्हता. हे साऱ्या जगात त्या क्षणी फक्त मला कळलं होतं. त्याच्या आईला नाही, मामाला नाही. मला! दारात उभी राहून, हातात ताट धरून, मला लख्ख कळलं. इंदूबाई समोरच बसलेली. तोंड उघडायचं होतं फक्त.

मी म्हटलं, मरळ छान आहे, साफ करून दे.

हे ते.

आधीचं सगळं आळस म्हणा, माज म्हणा. हे मात्र मी समजून-उमजून केलं. एकदा नाही, रोज. वर्षभर ती येत होती, टोपलीतला चांगला मासा आधी माझ्या दारी काढत होती, अन् मी विचारत होते — काय म्हणतो मग प्रफुल? हो, विचारत होते! मजेत हाये म्हनते, ती सांगायची. अन् मी मान हलवायची.

वर्षाने त्याला दोन मित्र विमानाने घेऊन आले. कॉलेज त्याने पहिल्या सहा महिन्यांतच सोडलं होतं. एका हॉटेलात भांडी घासायचा, मग तेही सुटलं. खोलीतून निघेना, बोलेना, खाईना. मी लंडनला होते तेव्हा तो त्याच खोलीत होता. त्या स्टेशनाजवळच्या.

मी भेटायला गेले. जावंच लागलं, कॉलनीतल्या बाया जाऊन आल्या होत्या. इंदूबाईच्या अंगणात खाटेवर तो बसला होता. मी त्याला पहिल्यांदा इतक्या जवळून पाहून राहिले होते. हाडांवर सदरा टांगलेला. शेजारची माणसं मला खुर्ची देऊन विचारतात काय — लंडनले थंडी लय असते ना, बाई? त्यांना काय कळणार, काय विचारावं! अन् मी तरी शहाणी कुठची — हो, लय असते म्हणून सांगितलं.

इंदूबाईने चहा दिला. जमिनीवर बसली. म्हणाली, "नागपूरचे डाक्टर पुसतेत, कवापासून झालं असं? मी सांगतलं, बाई गेल्या होत्या तवा त चांगला होता. थ्याच्या मंगच काही झालं असन. नाई का बाई? तवा त चांगला होता ना?"

डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं होतं. माझं खोटं त्या पोराच्या दवाखान्याच्या फायलीत गेलं होतं. त्यावरून औषध चालू होतं.

मी म्हटलं, "हो. चांगला होता."

तेव्हा प्रफुलने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, सरळ. अन् म्हणाला, "चांगला होतो मी."

आल्यापासून अठरा दिवस तो एक शब्द बोलला नव्हता. इंदूबाई उठली, पुन्हा माझ्या पायांवर पडली — "बोलला! तुमाले पाहून बोलला, बाई! तुमी येत जा. दर आठवड्याले येत जा. तुमच्यासंग बोलन थो."

येते म्हटलं मी.

त्यानंतर ती दोनदा मला न्यायला आली. मी आतून सांगायला लावलं, काकू घरी नाहीत. मग आमचे हे रिटायर झाले, चंद्रपूरच्या दुसऱ्या टोकाला आम्ही घर बांधलं. तिला पत्ता दिला नाही. त्याला आता चार वर्षं झाली. मी एकदाही गेले नाही.