टमाट्याच्या खुराकाची कढी

आमच्या घरचा टमाटा माती खात नव्हता.

राकेलच्या कापलेल्या डब्यात, नुसत्या गोट्यांत उभा राहे अन् पाण्यात कालवलेला खुराक पिये. हे डोकं आमच्या मालकाचं. ते बुलढाण्याले शेतीशाळेत कामाले, मी मोताळ्याले सासूपाशी, कडेवर तान्हं पोट्टं. शनवारच्या एसटीनं येत, रविवारच्या शेवटच्या एसटीनं जात. "टमाट्याले फळ धरलं तं साहेबाले दाखवतो. मंग तिकडं खोली भेटते, तुले अन् पोराले घेऊन जातो," म्हणत.

तवापासून त्या झाडाले मी जीव लावे. (पोराची आंघोळ राहून जाये, झाडाचं पाणी नाही.)

एका रविवारी जातांनी त्यायनं बजावलं, "ह्या दोन शिश्या. बादलीभर पाण्यात आधी एक टाकजो, ढवळजो, मंग दुसरी. घट्ट-घट्ट एकमेकीत टाकू नको."

"हाव," म्हणलं. ऐकलं कोणं? मी त्यायच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडं पाहून राह्यली होती.

सकाळी पोट्टं रडून राह्यलं, चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं. म्या इचार केला, एकदम पाण्यात टाकलं तं गाठी होतील. कढीचं पीठ आपुन घट्ट ताकात कालवतो, मंग पाणी सोडतो. तसंच केलं. दोन्ही शिश्या एका गंजात वतल्या, डावानं घोटल्या.

सारं पांढरंफट झालं.

सासूबाई आल्या. "काय वं, कढी करून राह्यली?"

"टमाट्याचं जेवण हाय, आत्याबाई."

"मंग फोडणी काऊन नाही देली?"

त्यायनं कालवलेलं तं नितळ राहे. पदरानं गाळलं, तरी तसंच. आत्याबाई म्हणे, "गढूळ हाय न? तुरटी फिरव. नदीच्या पाण्याले नाही फिरवत का?" फिरवली. घडीभरानं गाळ खाली बसला, वर पाणी असं नितळ का तोंड दिसावं. गाळ उकिरड्यावर फेकला, वरचं पाणी टमाट्याले पाजलं, अन् दिवसभर नाक वर करून फिरली.

शनवारी हे आले. पोराले घ्यायच्या आधी डब्यापाशी गेले. पानं पिवळीजर्द.

"पाणी तं नितळ हाय वं. मंग झाड उपाशी काऊन दिसते?"

म्या एका दमात सांगतलं, कढीपासून तुरटीपर्यंत. वाटलं, आता माहेरी धाडतात. हे मटकन खाली बसले. "अवं, सारा खुराक त्या गाळात होता. तू उकिरडा पोसला."

"अन् खोली?"

"हे पिवळं साहेबाले काय दाखवू? पुढल्या हंगामाले पाहू."

आतून सासूबाई, "मी म्हणलं होतं, फोडणी दे."

रविवारी निघायच्या आधी त्यायनं नवा खुराक कालवून दाखवला. पाणी, एक शिशी, ढवळणं, मंग दुसरी. काचेसारखं.

"समजलं?"

"नाही."

पुन्हा दाखवलं. "आता?"

"ते ढवळायचं ध्यानात नाही आलं."

समजायचं तं पहिल्याच बारीले समजलं होतं. पण आमच्या दारातून एसटी दिसे, अन् ती अजून उभीच होती. तिचा धुरळा उडाला तवा म्हणलं, "हाव, आता समजलं."

त्यायनं कपाळाले हात लावला. "गेली न गाडी! तुह्याइतकी ढ बाई नाही पाह्यली."

चवथी शिकलेल्या बाईनं याच्यावर काय बोलावं? मान खाली घालून म्हणलं, "मंग सकाळी उजेडात पुन्हा एकदा दाखवा."