साइडपट्टी समाधानकारक

आमच्या घरासमोरून सावनेरकडे जाणारा हायवे आहे. त्याच्या या बाजूला आमची वस्ती आणि त्या बाजूला आमचं विहार. विहाराच्या दाराची किल्ली एकवीस वर्षं माझ्या वडिलांच्या खिशात होती. रोज सकाळी सहाला बाबा पांढरा शर्ट घालून, काठी टेकत रस्ता ओलांडायचे, दार उघडायचे, झाडून काढायचे, मेणबत्ती लावायचे. मग या बाजूची चार-सहा म्हातारी माणसं वंदनेला जमायची. माझी आई गेली त्या आठवड्यातसुद्धा एक दिवस दार बंद राहिलं नाही. ती किल्ली आता बाबांच्या खिशात नाही. ती मी काढून घेतली, माझ्या हातानं. का ते सांगते.

जुना रस्ता अगदीच गेलेला होता. खड्डे इतके की समोर राहणारा टेलर म्हणायचा, आता खड्ड्याखड्ड्यांच्या मधे थोडा रस्ता उरला आहे तोही काढून टाका, सगळं एकसारखं तरी होईल. आम्ही अर्ज दिले, दोनदा रस्त्यावर बसलो, एकदा उन्हात बसून मला चक्कर आली. तीन वर्षांनी मशिनी आल्या. त्या दिवशी पेढे वाटायची सगळ्यात जास्त घाई मलाच झाली होती. भैताड कुठली!

बाबांनी फाटकात खुर्ची टाकली. अठ्ठावीस वर्षं ते रस्त्याच्या खात्यात मैलमजूर होते. म्हणजे रस्त्याचा एक ठरलेला तुकडा त्यांच्या ताब्यात असायचा. खड्डे बुजवायचे, झाडं पाहायची, नाली मोकळी ठेवायची, आणि डांबराच्या दोन्ही कडांना मुरूम भरून साइडपट्टी नीट राखायची. म्हणून त्यांना कामावर नजर ठेवायची होती. तासाभरातच ते खुर्चीवरून उठले.

"अरे, धूळ झाडा ना गा पह्यले!" ते ओरडले. "धुळीवर डांबर टाकून राहिले. चिकटन कायले ते?"

ठेकेदाराचा माणूस हसला. "काकाजी, बाजूले व्हा. लागून जाईन."

बाबांनी खाली वाकून गाडीतून पडलेला माल चिमटीत धरला. गरम डांबर असं हातात धरता येत नाही. त्यांनी तो बोटांत चुरला आणि माझ्याकडे पाहिलं. "थंडा माल हाय," म्हणाले, आणि घरात जाऊन पडून राहिले. रोलर दोनदा गेला, दोनदा आला. तिसऱ्या दिवशी काम आटोपून मंडळी निघूनही गेली. आमच्या वस्तीतले लोक काळ्याभोर रस्त्यावर उभं राहून फोटो काढत होते. मीही काढले.

पंधरा दिवसांत पोपडे निघायला लागले. भाकरीवरचा पापुद्रा निघतो तसा वरचा थर निघायचा आणि खालून जुना रस्ता आपले जुने खड्डे घेऊन वर यायचा. सुटलेली गिट्टी कडेला गोळा झाली. तिच्यावरून दुचाक्या घसरायच्या. पण आमच्या घराला खरा त्रास वेगळाच झाला. थरावर थर चढवत रस्ता वर गेला आणि साइडपट्टी भरलीच नाही. रस्त्याची कड जमिनीपासून वीतभर उंच, विहाराच्या बाजूला तर दीड वीत. जवान माणूस टांग टाकून चढतो. एकोणऐंशी वर्षांच्या माणसानं काय करावं?

बाबा आधी काठी वर ठेवायचे. मग एक हात गुडघ्यावर, एक हात डांबरावर, आणि जनावर चढतं तसे वर. मी हात दिला की झिडकारायचे. "मले येते. तू तुह्या कामाले जाय." वंदना साडेसहाला सुरू व्हायला लागली, मग पावणेसातला. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला रोज काळं लागायचं. ते काळं धुताना मला इतका राग यायचा की शर्ट दगडावर आपटून आपटून फाडावासा वाटायचा.

मी अंगणवाडी सेविका आहे. आमचा अर्धा दिवस मोबाईलमध्ये माहिती भरण्यातच जातो, त्यामुळे तक्रार कशी टाकायची हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. कडेला पट्टी लावून फोटो काढला, पोपड्यांचा काढला, बाबा चढताना मागून एक काढला. रस्त्याच्या खात्याकडे मोबाईलवरूनच तीनदा तक्रार टाकली. तिसऱ्या वेळी फोन आला. गुरुवारी सकाळी दहा वाजता साहेब स्वतः पाहणीला येणार.

आणि इथेच आम्ही माती खाल्ली.

पाहणी हा शब्द आमच्या हाडात बसलेला आहे. अंगणवाडीत सुपरवायझर मॅडम येणार म्हटलं की आम्ही फाटकी सतरंजी मागे टाकतो, शेजारच्या घरून चांगली आणतो, लेकरांची नाकं पुसतो, बिघडलेला वजनकाटा पोत्याखाली दडवतो. मॅडम लिहून जातात, सर्व व्यवस्थित. मग वर्षभर त्याच बिघडलेल्या काट्यावर लेकरं तोलायची. हे मला माहीत नव्हतं का? मला नाही तर कोणाला माहीत असणार! तरी बुधवारी सकाळी वस्तीत पहिला झाडू मीच उचलला.

टेलर तेव्हा म्हणाला होता. "ताई, राहू द्या ना. जसं हाय तसं पाहू द्या त्याले."

मी त्याच्यावर खेकसले. "आणि साहेब गिट्टीवरून घसरून पडला तं? वस्तीची इज्जत जाईन ना! काही समजते का तुम्हाले?"

तो बिचारा घरून खराटा घेऊन आला.

बाबा तर वेगळेच झाले होते. "साहेबाची गाडी उतरन कुठून?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि मग कामाचा ताबाच घेतला. वस्तीमागे नालीच्या कामाचा उरलेला मुरमाचा ढीग होता. चार बायका, तीन माणसं घमेली घेऊन लागली. बाबा मधे उभे. एकदम सगळा टाकू नका, एक थर टाका. पाणी मारा, एवढं नाही, चिखल करता काय? आता धुम्मस आणा. लाकडी दांड्याचं ते जड लोखंडी ठोकणं बाबांनी नोकरीपासून खाटेखाली जपून ठेवलं होतं, ते बाहेर निघालं. पहिले दहा-बारा ठोके त्यांनी स्वतः मारले. मी ओरडले, ते ऐकतात कुठे! मग दोरी लावून उतार पाहिला, एका जागी बोटभर मुरूम जास्त होता तो खरवडायला लावला. त्यांचा आवाज मी लहान असताना असायचा तसा झाला होता. संध्याकाळपर्यंत वस्तीसमोर पन्नास पावलं, दोन्ही बाजूंना, अशी देखणी साइडपट्टी झाली की काय सांगू! मी गिट्टी झाडून काढली. पोपडे निघाले होते तिथे गिट्टीची चुरी दाबून पाणी मारलं. बाबांनी शेवटी त्या उतारावरून काठी न टेकता चढून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी साहेबांची गाडी त्या उतारावरून अलगद खाली उतरली. चहा झाला. बाबांनी फुलं दिली. साहेब चांगला माणूस होता, मी खोटं कशाला बोलू? बाबांना बसा म्हणाला, माझी चौकशी केली, मग उठून रस्त्यावर इकडून तिकडे फिरून आला.

"मॅडम, प्रॉब्लेम नेमका कुठे आहे?"

फोटो मोबाईलमध्ये होते, पण समोर तर सगळं साफ. मी कशीबशी म्हणाले, "साहेब, हे आम्ही काल भरलं. ठेकेदारानं काहीच नाही केलं. हे पाण्यानं वाहून जाईन."

साहेबानं बुटानं मुरूम दाबून पाहिला. हलला नाही.

"नाही जात, साहेब," बाबा पुढे होऊन म्हणाले. "थर थर घातला हाय. धुम्मस मारलं हाय."

"बाबा!" मी त्यांचा शर्ट ओढला.

"काहून वं? खरं तेच सांगून राहिलो."

साहेब हसला. "छान. लोकांनी असं पुढं आलंच पाहिजे." त्याच्यासोबतच्या माणसानं आमचा सगळ्यांचा फोटो घेतला. गाडी तशीच अलगद वर चढून गेली. टेलर माझ्याकडे बघत होता. मग तो पाठ फिरवून दुकानाकडे गेला, आणि तेच मला जास्त लागलं.

चार दिवसांनी मोबाईलवर निरोप आला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. प्रत्यक्ष पाहणी केली असता पृष्ठभाग स्वच्छ आढळला. साइडपट्टीचे काम समाधानकारक. तक्रारीत तथ्य नाही. खाली फोटो जोडला होता. मधे हातात फुलं घेतलेला साहेब, शेजारी बाबा, मागे मी. सकाळी पुन्हा एकदा फिरवलेला झाडू माझ्या हातात तसाच राहिला होता.

मी पुन्हा तक्रार टाकली. उत्तर आलं, या जागेची तक्रार आधीच निकाली निघालेली आहे. कार्यालयात गेले. तिथल्या बाईनं तोच फोटो उघडून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "ह्या तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली. वरून पाणी, बाजूनं ट्रकची चाकं. साइडपट्टी आधी चिरली, मग खचली, मग गेली. बाबांचं काम वाईट नव्हतं. पण त्याला दर पावसानंतर हात लागतो, आणि तेवढ्यासाठीच तर पूर्वी मैलमजूर असायचे. बाबा घमेलं घेऊन निघाले. मुरूम संपला होता. वस्तीतली माणसं म्हणाली, काकाजी, आता रोज कोण करन? त्यांचंही खरं होतं, सगळ्यांना कामाला जायचं असतं. पुन्हा तीच वीतभर कड आणि पुन्हा तेच गुडघ्यावर चढणं.

मग मी रोज सकाळी त्यांच्यासोबत जायला लागले. झिडकारलं तरी दंड धरायची. एका सकाळी आम्ही रस्त्याच्या मधोमध होतो आणि बाबांच्या काठीचं टोक एका पोपड्याखाली अडकलं. ते काठी सोडेनात. काटोलहून का कुठून संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांनी भरलेला ट्रक येत होता, हॉर्नवर हॉर्न. मी ओरडले, "सोडा ना ती काठी!" ते ओढत राहिले. मी त्यांना कमरेला धरून फरफटत कडेला आणलं. ट्रक काठीवरून गेला. बाबांची एक चप्पल मधेच राहिली.

कडेला बसवून मी त्यांना बोलले. जे मुलीनं बापाला बोलू नये ते सगळं बोलले. मरायचं असेल तर घरात मरा म्हणाले. विहारासमोर उभं राहून म्हणाले. बाबा एका पायात चप्पल घालून नुसते ऐकत होते. मग मी त्यांच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून घेतली. त्यांनी खिशावर हातसुद्धा ठेवला नाही. त्यांनी मला एक थापड मारली असती तर बरं वाटलं असतं.

किल्ली मी टेलरला दिली. तो विहाराच्याच बाजूला राहतो. माणूस चांगला आहे, पण त्याचं दुकान आहे, घर आहे. कधी आठला उघडतो, कधी राहून जातं. या बाजूची म्हातारी माणसं तशीही आता जात नाहीत. ती कड चढून जायची हिंमत कोणात उरली नाही, आणि एक बंद झाला की दुसरा बंद होतो. मी अजून तक्रारी टाकते. टाकायच्या म्हणून टाकते. काही होईल असं मला वाटत नाही. कधीतरी पुन्हा मशिनी येतील, धुळीवर आणखी एक थर देतील आणि कड आणखी बोटभर वर जाईल.

बाबा अजून सहाला उठतात. पांढरा शर्ट घालतात आणि फाटकातल्या खुर्चीवर बसतात. शर्ट आता दिवसभर पांढराच राहतो.

परवा मी अंगणवाडीला निघाले होते. त्यांनी हाक मारली.

"त्या साहेबानं काय लिवलं होतं वं? वाच बरं."

"किती वेळा वाचू बाबा? पाठ झालं असन तुम्हाले."

"वाच ना, माय."

मी मोबाईल काढला, तो निरोप शोधला. साइडपट्टीचे काम समाधानकारक.

बाबा मान हलवत राहिले. "अठ्ठावीस वर्षं केली नोकरी," ते म्हणाले. "एकाही साहेबानं मह्या कामावर असं लिवलं नाही."

समोर विहाराचं दार बंद होतं. मी पुन्हा एकदा वाचलं.