राक्षस येण्यापूर्वीचे दीड मिनिट

चातुर्मासात वणीतील आमच्या गल्लीच्या देवळात सायंकाळी पोथी सांगण्याचा मान बरीच वर्षे माझ्याकडे आहे. यंदा तो जाण्याची वेळ आली. देवळाचे अध्यक्ष कोळशाच्या ट्रकांचे मालक आहेत. ते पारावर येऊन म्हणाले, "गुरुजी, राग नका धरू. लोकं येऊन नाही राह्यले. एकादशीपर्यंत पाहू, नाही तं मंडप भजन मंडळाले देऊन टाकू. त्यांच्यापाशी कीबोर्ड हाये."

"लोक प्रसादाला तरी येतात," मी म्हणालो.

"प्रसाद तं कीबोर्डवालेबी देतीनच नं."

या युक्तिवादाला न्यायशास्त्रात उत्तर नाही.

घरी आलो तेव्हा नात जपानी चित्रमालिका पाहत होती. ती तिला ॲनिमे म्हणते. आरंभीचे गाणे सुरू होताच तिने ते ओलांडण्यासाठी रिमोट उचलला. मी थांबवले. नांदी वगळून नाटक पाहू नये. सूत्रधाराचा अवमान होतो.

"आबाजी, हे गाणं मले तोंडपाठ हाये. याच्यापायीच तं मी ही सिरियल धरली. मैत्रिणीनं नुसतं गाणं पाठवलं होतं."

"कथा न कळता?"

"कथा कळली असती तं कायले पाहिली असती?"

ते दीड मिनिट मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितले. एक मुलगा धावतो. वारा बहुधा त्याच्याचसाठी वाहतो. एक मुलगी आकाशाकडे पाहते. काळ्या झग्यातला कोणी पाठमोरा उभा असतो आणि तो वळतो न वळतो तोच पडदा पांढरा होतो. भाषेचे एक अक्षर कळले नाही, तरी तो वळल्यावर काय होईल, ही चिंता मला संध्येतही सोडीना. उलट मी गणेश, शारदा, गुरू, गुरूंचे गुरू, मातापिता, श्रोते आणि श्रोत्यांचे मातापिता यांना वंदन करीत राक्षसापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याला घाबरायला मंडपात कोणी उरलेले नसते.

"मग वंदन करावे कोठे?" मी नातीला विचारले.

"शेवटी. शेवटच्या गाण्यात ते सगळ्याइची नावं टाकतात. कोणी पाहत नाही, पण कोणाले वाईटबी वाटत नाही."

मंगलाचरण आदी, मध्य आणि अंत अशा तिन्ही ठिकाणी चालते, ही शिष्टांनी केलेली सोय मला वेळेवर आठवली. गणेशाला एक श्लोक पुढे ठेवून उरलेली परंपरा मी अंती नेली. रोजच्या कथेची नांदी भुजंगप्रयातात बांधली: विहिरीपाशी कोण गेली, रथ कोणाचा अडला आणि वडामागे कोण पाठमोरा उभा आहे. तो वळण्यापूर्वी थांबायचे. नातीने तीवर ढोलकी धरली आणि भोंग्याचे तोंड रस्त्याकडे फिरवले.

समोरच्या गॅरेजातले मिस्त्री हे माझ्या स्कूटरचे धन्वंतरी. देवळात येण्याचे त्यांना कधी कारण पडले नव्हते. काही दिवसांनी ते चिंधीला हात पुसत पायरीशी आले.

"गुरुजी, वो बड़ के पीछे कौन था? दुकान में आधा ही सुनाई देता है."

"आत या."

"हाथ काले हैं."

"त्याचेही काळेच आहेत," मी म्हणालो. ते खांबाला टेकून बसले. मग चहावाला आला, पाठोपाठ पोळ्या अर्धवट टाकून आलेल्या बायका.

एकादशीला अध्यक्ष माणसे पाहायला आले, ते नांदी आटोपल्यावर. मंडपात जागा नव्हती. त्यांनी पुढच्या काकूंना हळूच विचारले, "काय झालं आतापर्यंत?"

"गाणं झालं. आता चुप बसा, तो वळून राह्यला."

अध्यक्ष चपलांपाशी बसले. कथा संपवून मी गुरुपरंपरा म्हणू लागलो आणि श्रोते उठले. माझ्या गुरूंचे गुरू हल्ली चपलांच्या आवाजातच वंदिले जातात. त्या गर्दीतून अध्यक्ष पुढे आले.

"गुरुजी, ते गाणं एकदा होऊन जाऊ द्या."

"नांदी दोनदा होत नाही."

"बरं, उद्या लौकर येतो. कीबोर्डवाल्याइले रविवार देऊ, बाकी मंडप तुमचाच."

नात मात्र गाणे संपताच ढोलकी ठेवून घरी जाते. कथेला थांबत जा, असे मी एकदा सुचवले.

"तुमच्या गाण्यातच सगळं समजते, आबाजी," ती म्हणाली.

म्हणजे नांदी अजून फार बोलते. सध्या रोज दुपारी तिचा एकेक चरण झाकण्याच्या उद्योगात असतो.