दीड तासाचा आहेर

"आहेर काप म्हटलं ना! दीड तासाचा आहेर बघतो कोण?" दाराच्या चौकटीला हात टेकवून तय्यबने तिसऱ्यांदा विचारलं.

"जिनं सीडी आणून दिली ती बघते," सबिहा पडद्यावरची नजर न काढता नवऱ्याला म्हणाली.

"हळद निघाली ना नीट? अक्षता निघाल्या ना? तेवढं देऊन टाक तिला. चार दिवस झाले, मशीन एका सीडीपायी अडकून पडलंय. क्लासच्या शिकवणीच्या चाळीस सीड्या तशाच आहेत. शनिवारी त्यांचा माणूस त्या नांदेडच्या शाखेला घेऊन जाणार."

"आज मंगळवार आहे."

"तुझा मंगळवार काय शनिवारपर्यंत पुरणार आहे?"

दोघांच्या मध्ये, दाराशी टाकलेल्या बाजेवर, तय्यबची आई कमरुन्निसा लसूण सोलत बसली होती. "तय्यब, भांडायचं तर तीननंतर भांड," ती म्हणाली. "तेव्हा तशीही लाईट जाते. दुल्हनला आत्ता काम करू दे."

दोन हजार दहा साली लातूरच्या त्या गल्लीत लाईट सकाळी नऊला जायची, बाराला यायची आणि तीनला परत जायची. दुपारचं काम करायचं ते त्या तीन तासांत. तय्यब लग्नांचं शूटिंग करायचा आणि घरी बसून ते सगळं सीडीवर चढवायची सबिहा. ती मुरुडच्या घड्याळजीची मुलगी. बापाच्या दुकानात बसून लहानपणी ती घड्याळं कानाला लावायची, आणि कोणतं मागं पडणार ते आवाजावरून सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा या घरात दोन कॅमेरे होते. पुढं संगणक आला. तय्यबला बसून राहणं जमेना म्हणून ती बसली, आणि बसलीच.

पंधरा वर्षांत ती जिल्ह्यातल्या कितीतरी लग्नांना न जाता हजर राहिली. गंजगोलाईत भाजी घेताना समोर एखादी बाई यायची, आणि सबिहाला एकदम आठवायचं, ही मुलीची पाठवणी करताना गाडीची काच धरून रडली होती. बाई मेथीची जुडी निवडून निघून जायची. तिला सबिहा माहीतच नसायची. अशा किती बायांची रडणी सबिहा पिशवीतून घरी घेऊन यायची.

ती सीडी सिंधुताईची होती. सिंधुताई रेणापूरची. मुलगी तनुजा अकरावीला, क्लाससाठी लातुरात. म्हणून घरदार नवऱ्यावर सोडून ती याच गल्लीत एक खोली घेऊन राहिली होती. अशा आया त्या गल्लीत घरटी एक होत्या. मुली क्लासला गेल्या की त्यांना दुपार खायला उठायची.

"भाभी, माझं लगीन त्र्याण्णवच्या मे महिन्यातलं," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती. "किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. चार महिन्यांनी भूकंप झाला. मी सासरी होते म्हणून राहिले. माहेरचं कुणीच न्हाई राहिलं. फोटोंचा अल्बमबी तिथंच होता."

"मग सीडीत बघता की."

"लई बघितली. शेजारच्या मशीनवर बघून बघून चरे पडले. आहेर लागला की शेजारी मशीन बंद करायचे; आता लावावा तर तिथंच अडकती."

"आहेरच का हवा तुम्हाला?"

सिंधुताई जरा हसली. "नवरीची मान खाली असती भाभी. मी त्या दिवशी निस्ती पायताणं बघितली सगळ्यांची. आहेराला मात्र एकेक जण कॅमेऱ्यापुढं उभा राहिला. आई दिसंल का त्यात, ते अजून कळंना झालंय. तिथवर सीडी जातच न्हाई. नीट झाली तर तनुजाच्या मोबाईलमधल्या कार्डात घालून द्या. तिनं आजी बघितली न्हाई."

त्या लग्नाचं शूटिंग तय्यबचंच, आणि टेपेवरून ती सीडीही चार वर्षांपूर्वी त्यानेच बाहेरून करून आणून दिली होती. टेपेला तेव्हाच बुरशी लागलेली, नंतर ती तुटली. म्हणजे होतं ते एवढंच.

चार दिवस एकच खेळ चालला होता. बाराला लाईट आली की सबिहा सासूच्या जुन्या मलमलच्या ओढणीने सीडी पुसायची, मधून कडेकडे, गोल फिरवून नाही. मग पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागायची, उन्हात भिंतीची सावली सरकावी तशी. पंखा फिरायचा. लसणाची सालं उडायची. पाहता पाहता खोली, बाज, दुपार सगळं त्या पट्टीबरोबर सरकतंय असं वाटायला लागायचं. चाळीस टक्के. पन्नास. एकसष्टला सीडीच्या खणात घरघर सुरू व्हायची आणि पट्टी थांबायची. मग तीन वाजायचे. बॅटरी टुंग-टुंग करून दहा मिनिटं तग धरायची, आणि झालेलं सगळं वाया जायचं.

तिने एकेक गोष्ट सुटी करून पाहिली. आधी ती सीडीवरून थेट मोबाईलला चालेल असं रूपांतर करायची. वाचायचं आणि बदलायचं एकाच वेळी. आता ठरवलं, आधी नुसतं संगणकात उतरवून घ्यायचं, बदलायचं ते नंतर. काम चालू असताना कोपऱ्यात चित्र दिसायचं, ते बंद केलं. तिला त्याची करमणूक होती, पण मशीनला ओझं होतं. तरी फरक थोडाच पडला. त्याच मंगळवारी तिने सहज क्लासची एक नवी करकरीत सीडी घालून पाहिली, तर तीही तशीच रखडली. तिथं तिचे कान टवकारले. सीडीतच खोट असती तर ही का रखडावी?

तिने संगणक दिलेल्या अकरमला फोन लावला.

"भाभी, ते घाबरलंय," अकरम म्हणाला.

"कोण?"

"मशीन तुमचं. खराब सीडीवर पाच-सहा वेळा ठेचकाळलं की आपणहून वेग कमी करून घेतं. मग चांगली सीडी दिली तरी जपूनच चालतं. आता रस्ता बरा आहे हे त्याला कुणी सांगत नाही."

"मग सांगायचं कसं?"

"जोडलेल्या वस्तूंच्या यादीतून सीडीच्या खणाच्या वायरीची ओळ काढून टाका आणि मशीन बंद करून लावा. ते नव्यानं ओळख करून घेईल."

सबिहाने फोन ठेवला. समोर सासूचा डोळा लागला होता. बाजेपाशी चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. भूकंपाच्या पहाटेपासून कमरुन्निसा आतल्या खोलीत झोपली नव्हती. बाजेखाली पत्र्याची पेटी होती. भूकंपाआधीच्या उन्हाळ्यातल्या, किल्लारीकडच्या लग्नांच्या सहा टेपा तिच्यात होत्या, ज्या न्यायला कुणी आलंच नव्हतं. दर ईदेला तय्यब ती पेटी पुसून परत खाली सरकवायचा. उघडायचा नाही.

बुधवारी बाराला लाईट आली. सबिहाने ती ओळ काढली, मशीन बंद केलं, चालू केलं, सीडी पुसून आत घातली. आतून येणारा आवाज वेगळा होता. बापाच्या दुकानात तेल दिलेलं घड्याळ असं वाजायचं. एकसष्टला पट्टी अडखळली, थरथरली आणि पुढं गेली. एक वाजून दहा मिनिटांनी सगळी सीडी उतरली होती. सबिहाने दारातून सिंधुताईला हाक मारली.

आहेर सुरू झाला. मंडपाच्या खांबाला पिवळसर ऊन. माईकवरचा आवाज जणू विहिरीतून येत होता. "ग्यानोबा यांच्याकडून परात एक... शिवलिंग आप्पांकडून कळशी एक..." माणूस यायचा, कॅमेऱ्याकडे बघून टोपी सारखी करायचा, भांडं टेकवायचा, जायचा. त्याच्या मागं दुसरा. मधेच चित्र गोठायचं, एखादा हात हवेत राहायचा, मग सुटायचा. घाई कुणालाच नव्हती. सिंधुताई ओठातल्या ओठात म्हणत होती, "धाकटा चुलता... गिरणीवाला... ह्यो सिद्धेश्वर, माझ्या वर्गात होता..." बाजेवरची कमरुन्निसाही पुढं सरकून बसली होती.

क्लासच्या सीड्यांचा तगादा करायला तय्यब आत आला आणि माईकचा आवाज ऐकून दारातच थांबला.

"हे मी काढलेलं नाही," पडद्याकडे बघत तो म्हणाला. "आहेराचा कंटाळा यायचा. कॅमेरा स्टँडवर ठेवून जेवायला गेलो होतो मी."

पावणेतीन झाले. रांग संपत आली, सिंधुताईची आई काही दिसली नाही. सिंधुताई पदराशी चाळा करत म्हणाली, "घरचा माणूस आहेराच्या रांगेत कशाला उभा राहील. माझीच अक्कल."

आणि मग डाव्या बाजूने एक बाई आली. हातात पाण्याचा तांब्या. नाव पुकारलं गेलं नाही. ती नवरीपाशी वाकली, तांब्या तिच्या तोंडाशी धरला, ओला हात तिच्या कपाळावरून फिरवला. वळली, तेव्हा तिला समोर एकटाच उभा असलेला कॅमेरा दिसला. घरात कुणी आहे का, असं दारातून वाकून बघावं तसं तिने त्यात पाहिलं, आणि गेली.

आईचा हात फिरला होता तिथं, आपल्या कपाळावर, सिंधुताईने हात ठेवला होता.

तीनला लाईट गेली. बॅटरी टुंग-टुंग करायला लागली. सबिहाने शांतपणे मशीन बंद केलं. आता वाया जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तो भाग राहिला ना आत?" तय्यबने विचारलं.

"राहिला. कार्डात जाईल उद्या." सबिहा उठली, सासूच्या पायाशी वाकली, बाजेखालची पेटी ओढून खोलीच्या मध्यभागी आणली आणि कमरुन्निसाकडे, मग तय्यबकडे पाहिलं. "क्लासचं काम आता सकाळी नऊच्या आत उरकेल. टेप पळवता येत नाही, तीन तासांची टेप तीनच तास घेते. उद्यापासून बारा ते तीन मशीन या सहा टेपांचं. आहेर कापायचा नाही."